कॉर्व्हेट ‘सी-५’चा स्वयंचलित गिअरबॉक्स : उष्णता, कूलर आणि ऑइलबदल

शेव्हरोले कॉर्व्हेट ही जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीची दोन आसनी स्पोर्ट्‌स कार १९५३पासून तयार होत आहे. स्पोर्ट्‌स कार म्हटली की गिअर हातानेच बदलायचे, अशी या छंदातील अनेकांची ठाम समजूत असते. गंमत अशी, की १९५३च्या पहिल्या कॉर्व्हेटला हाताच्या गिअरचा पर्यायच नव्हता. त्या वर्षी तयार झालेल्या सर्व ३०० गाड्यांना दोन गतींचा ‘पॉवरग्लाइड’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या गाडीची पाचवी पिढी हा आहे. ‘सी-५’ या नावाने ओळखली जाणारी ही पिढी १९९७ ते २००४ या मॉडेल-वर्षांत बाजारात होती. ५.७ लिटरच्या व्ही-८ ‘एलएस-१’ इंजिनाची शक्ती प्रारंभी ३४५ अश्वशक्ती होती आणि २००१पासून ती ३५० झाली. या इंजिनाच्या जोडीला ‘४एल६०-ई’ हा चार गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळत असे. अधिक शक्तीची ‘झेड०६’ ही आवृत्ती केवळ हाताच्या गिअरचीच होती.

आपल्याकडच्या रस्त्यांवर ही गाडी दिसण्याची शक्यता जवळजवळ नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना जुन्या गाड्यांचा नाद आहे, त्यांच्या दारात मात्र ती दिसू शकते, कारण तिची किंमत आता सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आली आहे. शिवाय तिच्या गिअरबॉक्सपुढचा प्रश्न तिच्यापुरता मर्यादित नाही. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या प्रत्येक गाडीला तो लागू पडतो. स्वयंचलित गिअरबॉक्स बहुधा एकाएकी मोडत नाही. तो आधी पुष्कळ दिवस तापत राहतो. ‘सी-५’मध्ये या तापण्याकडे केलेले दुर्लक्ष विशेष महाग पडते. ते का, हे गाडीच्या रचनेवरून कळते.

उष्णता येते कोठून

हाताच्या गिअरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. स्वयंचलित गाडीत त्याच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर येतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याचे हे काम ऑइल करते. मात्र दुसरा पंखा पहिल्याच्या वेगाने कधीच फिरत नाही, थोडा मागेच राहतो. या घसरणीत वाया जाणारी शक्ती उष्णता होऊन ऑइलमध्ये उतरते.

आकड्यांत पाहू. चढावर ६० किलोवॉट शक्ती कन्व्हर्टरमधून जात आहे आणि तिच्यातील दहा टक्के वाया जात आहे, असे धरले तर ६ किलोवॉट उष्णता निर्माण होते. म्हणजे स्नानगृहातील दोन किलोवॉटचे तीन गीझर गिअरबॉक्सच्या पोटात एकाच वेळी चालू आहेत. दहा लिटर ऑइलला एवढी उष्णता दिली आणि ती बाहेर जाण्याची सोयच नसली, तर ऑइलचे तापमान मिनिटाला सुमारे २० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात गिअरबॉक्सचा धातूही काही उष्णता शोषतो, त्यामुळे वेग याहून कमी राहतो. तरी कूलर ही चैन नव्हे, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. ब्रेक दाबून धरून ॲक्सिलरेटर देणे हा तर सर्वांत वाईट प्रकार. चाके थांबलेली असल्याने कन्व्हर्टरमध्ये जाणारी सगळीच शक्ती उष्णतेत जाते.

स्थिर वेगाने जाताना ही घसरण थांबावी म्हणून कन्व्हर्टरच्या आत एक लॉक-अप क्लच असतो. तो बसला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकसंध फिरतात व तापमान उतरू लागते. शहरातील रांगेत, वारंवार थांबत चालताना किंवा ट्रॅकवर तो पुरेसा वेळ बसूनच राहत नाही.

ऑइलच्या आयुष्याविषयी या धंद्यात एक ढोबळ नियम फार पूर्वीपासून सांगितला जातो. ८० अंश सेल्सिअसच्या आसपास राहणारे ऑइल सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर टिकते आणि त्यावर दर ११ अंशांना हे आयुष्य निम्मे होते. या हिशेबाने ११३ अंशांना ते २० हजार किलोमीटरवर येते, १३५ अंशांना अवघ्या ५ हजारांवर. हा प्रयोगशाळेचा निकाल म्हणून वाचू नये, पण त्याची दिशा खरी आहे. ऑइल जळू लागले की त्यातील रसायने मोडतात, लाखेसारखा थर धरतो, रबरी सील कडक होतात आणि शेवटी क्लच प्लेटांचे घर्षणाचे अस्तर करपते. ‘४एल६०-ई’मध्ये हा शेवट बहुधा तिसऱ्या-चौथ्या गतीच्या क्लचपासून सुरू होतो. या गिअरबॉक्सची ती सर्वश्रुत दुबळी जागा आहे.

चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट आपल्या स्वयंचलित गाडीने चढणाऱ्याला यातील काही भाग ओळखीचा वाटेल. मात्र आपल्याकडच्या सगळ्या ‘ऑटोमॅटिक’ गाड्या एका माळेत ओवू नयेत. अनेक छोट्या गाड्यांत हाताचाच गिअरबॉक्स असतो, केवळ क्लच आणि गिअर यंत्र चालवते. तेथे कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे कन्व्हर्टरची उष्णताही नसते. तेथे तापतो तो क्लच, आणि त्यावर ऑइल कूलर हा उपाय नव्हे. आपल्या गाडीत नेमका कोणता प्रकार आहे, हे पुस्तिका पाहून ठरवावे आणि मगच पुढील मजकूर लागू करावा.

गिअरबॉक्स मागे, रेडिएटर पुढे

‘सी-५’चा मुख्य अभियंता डेव्ह हिल याच्या चमूने या पिढीत गिअरबॉक्स इंजिनाजवळून काढून थेट मागे, डिफरन्शिअलला जोडून बसवला. वजनाची पुढे-मागे वाटणी जवळजवळ समान झाली आणि प्रवाशांच्या पायांसाठी जागा मोकळी झाली. इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडते ती ‘टॉर्क ट्यूब’ ही जाड नळी. तिच्या आतला शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरत असतो आणि कन्व्हर्टर या नळीच्या मागच्या टोकाला बसतो.

रचना सुरेख आहे. शीतकरणाच्या दृष्टीने मात्र तिने दोन गोष्टी अवघड केल्या. गिअरबॉक्सचे गरम ऑइल थंड होण्यासाठी पुढच्या रेडिएटरपर्यंत जाते आणि तेवढेच अंतर परत येते. म्हणजे गाडीची बहुतेक सर्व लांबी दोनदा कापायची, तीही एक्झॉस्टच्या शेजारून. दुसरी अडचण खर्चाची आहे. गिअरबॉक्स खाली घ्यायचा तर मागचे सस्पेन्शन, क्रॅडल, डिफरन्शिअल आणि टॉर्क ट्यूब हे सगळे सोडवावे लागते. साध्या गाडीत दिवसभराचे असलेले काम येथे कित्येक दिवसांचे होते, आणि ज्या गाडीची एकूण किंमतच उतरलेली आहे, तिच्यात मजुरीचा आकडा मालकाला विचारात पाडतो. चांगल्या अवस्थेतील गाड्या अनेकदा याच टप्प्यावर सुट्या भागांसाठी विकल्या जातात. म्हणून गिअरबॉक्स न उघडता त्याचे आयुष्य वाढवणारी कामे येथे अधिक मोलाची ठरतात.

गाडीची मूळ व्यवस्था अशी : कन्व्हर्टरमधून निघालेले ऑइल रेडिएटरच्या कडेच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून जाते, तेथे इंजिनाचे कूलंट त्याची उष्णता घेते आणि थंड झालेले ऑइल परत येऊन गिअरना वंगण देते. शेवटचा टप्पा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कूलरकडून परतणारा प्रवाह हेच गिअरचे वंगण असल्याने, कूलरची नळी चेपली किंवा तुंबली की उष्णता वाढते आणि वंगणही तुटते.

या व्यवस्थेला एक अंगभूत मर्यादा आहे. कूलंटहून अधिक थंड ऑइल तिच्यातून मिळूच शकत नाही. या इंजिनाचा थर्मोस्टॅट सुमारे ८६ अंशांना उघडू लागतो, तर कारखान्याच्या मांडणीत विजेचे पंखे कमी वेगात सुरू होतात तेच सुमारे १०८ अंशांना. गाडी वाहतुकीत उभी आहे, कूलंट १०५ अंशांवर आहे, तर गिअरबॉक्सचे ऑइल त्याच्या वरच राहणार.

खर्च करण्यापूर्वी

मोठा कूलर मागवण्याची घाई बहुतेक मालक करतात. माझ्या मते पहिला दिवस साफसफाईला द्यावा. या गाडीच्या नाकावर हवेची जाळी नाही. रेडिएटरला लागणारी हवा ती खालून, बंपरखालच्या लवचिक पट्टीच्या अडसराने वर वळवून घेते. ही पट्टी गतिरोधकांवर घासून तुटते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. पट्टी गेली की महामार्गावरही तापमान चढते, कारण हवा वर न वळता सरळ निघून जाते. तसेच खालून येणाऱ्या हवेबरोबर पाने, कागद, प्लास्टिकच्या पिशव्या वर ओढल्या जातात आणि एसीच्या कंडेन्सरवर तसेच कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत त्यांचा थर साचतो. दहा-पंधरा वर्षांत कोणी तेथे हात घातला नसेल, तर निघणारा कचरा पाहून मेकॅनिकही थक्क होतो. ही फट मोकळी करणे आणि पट्टी नवी बसवणे यांचा खर्च कूलरच्या मानाने किरकोळ आहे. पंखे थोड्या कमी तापमानाला सुरू होतील असा बदल संगणकात करून घेणे हा तिसरा स्वस्त उपाय. त्याचा उपयोग शहरात होतो, वेगात धावताना हवा आपोआपच मिळत असते.

तापमान मोजण्यासाठी वेगळे मीटर घेण्याची गरज नाही. ‘सी-५’च्या डॅशबोर्डवरील माहितीपटलावर गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान बटण दाबून पाहता येते. साफसफाईच्या आधी आणि नंतर, त्याच रस्त्यावर, साधारण सारख्याच हवामानात हे आकडे लिहून ठेवावेत. मात्र हा सेन्सर गिअरबॉक्सच्या आत आहे. कन्व्हर्टरमधून नुकतेच बाहेर पडलेले ऑइल त्याहून बरेच गरम असते.

मोकळ्या रस्त्यावर, स्थिर वेगाने, चौथ्या गतीत जातानाही आकडा चढतच राहिला, तर दोष शीतकरणाचा नसण्याचा संभव मोठा आहे. लॉक-अप क्लच घसरत असेल, व्हॉल्व्ह बॉडीतील ॲल्युमिनियमचे भोक झिजून त्याला पुरता दाब मिळत नसेल, किंवा क्लच प्लेटा संपत आल्या असतील. अशा गिअरबॉक्सला मोठा कूलर लावणे म्हणजे ताप उतरवून दुखणे झाकणे होय.

कूलरची निवड आणि जागा

हवेने थंड होणारे कूलर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. नागमोडी नळीवर पत्र्याचे पंख बसवलेला प्रकार स्वस्त असतो, पण जाड ऑइल नळीच्या मधून सरळ वाहते आणि कडेचाच भाग थंड होतो. एकमेकींवर रचलेल्या चपट्या पट्ट्यांचा प्रकार महाग असला, तरी तेवढ्याच आकारात कितीतरी अधिक उष्णता काढतो. थंड, घट्ट ऑइलला आतून वळसा घेऊन जाण्याची वाट पट्ट्यांच्या अनेक कूलरमध्ये असते. पुढे जागा अपुरी असलेल्या या गाडीत दुसराच प्रकार घ्यावा.

नवा कूलर रेडिएटरच्या कूलरनंतर जोडायचा, की रेडिएटर वगळून एकटाच वापरायचा, यावर छंदी मंडळींत मतभेद आहेत. नंतर जोडला तर रेडिएटर उष्णतेचा पहिला मोठा वाटा घेतो, उरलेली हवा घेते, आणि हिवाळ्यात थंड ऑइल लवकर कोमट होते. मिशिगन किंवा इलिनॉयसारख्या थंड राज्यांत हे महत्त्वाचे आहे, कारण ऑइल पुरेसे तापेपर्यंत संगणक लॉक-अप क्लच बसू देत नाही. रेडिएटर वगळण्याच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे. रेडिएटरच्या टाकीतील जुना कूलर आतून फुटला, तर कूलंट ऑइलमध्ये मिसळते. ऑइल गुलाबी, दुधाळ होते आणि क्लच प्लेटांचे अस्तर चिकटवणारा गोंद सुटू लागतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला, रेडिएटर नवा किंवा सुस्थितीत असेल तर, मालिकेतील जोडणीच योग्य. ॲरिझोना-टेक्सासच्या उन्हात ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत रेडिएटर वगळून मोठा कूलर लावणे समजण्यासारखे आहे. मात्र त्याबरोबर, ठरावीक तापमानाखाली ऑइलला परत वळवणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हही बसवावा.

पुढे, कंडेन्सरसमोर बसवलेला कूलर उत्तम हवा खातो, पण आपली उष्णता मागच्या कंडेन्सरला आणि रेडिएटरला देतो. गिअरबॉक्स मागे आहे म्हणून कूलरही मागेच, स्वतंत्र विजेच्या पंख्यासह बसवावा, ही कल्पना आकर्षक आहे. नळ्या आखूड होतात आणि रेडिएटरवरचा भार हलका होतो. परंतु तेथे हवा पंख्याच्याच जिवावर मिळते, टायरने उडवलेले खडे थेट कूलरवर येतात आणि पंख्याचा स्विच बिघडला तर चालकाला सहज कळत नाही. हा पर्याय चुकीचा नाही. मात्र तो घेणाऱ्याने माहितीपटलाकडे अधूनमधून पाहण्याची सवय ठेवायला हवी.

कोणत्या नळीतून गरम ऑइल बाहेर येते हे ओळखण्याची सोपी रीत अशी : थंड गाडी सुरू करून थोडा वेळ चालू ठेवावी. आधी कोमट होते ती बाहेर जाणारी नळी. जोडणीसाठी गिअरबॉक्स ऑइलकरिताच बनवलेली रबरी नळी घ्यावी, कूलंटची चालत नाही. धातूच्या नळीच्या टोकाला उठाव असल्याखेरीज नुसत्या क्लॅम्पवर विसंबू नये. एक्झॉस्टपासून अंतर राखणे आणि बॉडीच्या धारेवर नळी घासणार नाही हे पाहणे, ही नुसती टापटीप नव्हे. तापलेल्या एक्झॉस्टवर गळलेले ऑइल पेट घेते, आणि या गाडीचे बाह्यांग धातूचे नसून संमिश्र प्लास्टिकचे आहे.

अधिक ऑइल मावणाऱ्या खोल चेंबरची जाहिरातही पुष्कळ होते. जादा ऑइलामुळे तापमान चढायला अधिक वेळ लागतो, इतकेच. उष्णता बाहेर काढण्याची क्षमता त्याने फारशी वाढत नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासात ते अखेर जवळपास त्याच आकड्यावर जाऊन थांबते. आधीच जमिनीलगत असलेल्या गाडीत खाली लोंबणारा चेंबर ही नवी चिंताच.

ऑइल आणि फिल्टर

जनरल मोटर्सच्या वेळापत्रकानुसार सामान्य वापरात १ लाख मैलांवर, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटरवर ऑइल व फिल्टर बदलायचे. ३२ अंशांहून अधिक तापमानात शहरी गर्दीतून फिरणे, डोंगराळ रस्ता असा कठोर वापर असेल, तर ५० हजार मैलांवर. गाड्या आता दोन दशकांहून जुन्या झालेल्या असताना दुसरा आकडाच सर्वांनी कमाल मर्यादा मानावा. ट्रॅकवर नेणाऱ्याने याहूनही लवकर.

मूळ ऑइल ‘डेक्स्रॉन-३’ या मानकाचे होते. त्याची जागा ‘डेक्स्रॉन-६’ने घेतली. ते जुन्या गिअरबॉक्सला चालते आणि उष्णतेत अधिक टिकते. चेंबर उघडल्यावर सुमारे ४.७ लिटर ऑइल निघते, तर संपूर्ण व्यवस्थेत सुमारे १०.२ लिटर असते. उरलेले कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहते. म्हणजे एका बदलानंतर निम्म्याहून अधिक ऑइल जुनेच असते. काही शे किलोमीटरनंतर पुन्हा बदलले, तर नव्याचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. घरी काम करणाऱ्यासाठी ही दोनदा बदलण्याची रीत सर्वांत निर्धोक आहे.

चेंबर खाली आल्यावर आतील चुंबक पाहावे. राखाडी, मऊ लेप ही नेहमीची झीज. बोटांना टोचणारे धातूचे कण किंवा काळ्या अस्तराचे तुकडे दिसले, तर काम तेथेच थांबवून गिअरबॉक्सचा विचार करावा. फिल्टर ओढून काढल्यावर त्याचा सील अनेकदा वर पंपातच चिकटून राहतो. तो न काढता नवा बसवला, तर फिल्टर नीट बसत नाही आणि पंप हवा ओढतो. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढू गेले, तर पंपाचे ॲल्युमिनियम ओरखडते. सील हलक्या हाताने आतल्या बाजूस मुडपून काढावा. पॅकिंग बसवताना चेंबरचे १६ बोल्ट तिरक्या क्रमाने आणि अवघ्या ११ न्यूटन-मीटरने आवळायचे आहेत. अधिक जोर लावला की चेंबरची कड वाकते आणि गळती सुरू होते.

या गाडीत ऑइलची पातळी पाहण्याची काडी नाही. गाडी चारही चाकांवर समतल उचलावी, इंजिन चालू ठेवावे, गिअरचा दांडा प्रत्येक स्थितीतून फिरवून पार्कमध्ये आणावा आणि ऑइल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असतानाच पातळीचा प्लग उघडावा. ऑइल छिद्राच्या खालच्या कडेशी असले की पुरे. गरम गिअरबॉक्सवर ही तपासणी केली, तर फुगलेले ऑइल पातळी बरोबर असल्याचा भास देते आणि थंड झाल्यावर ते कमी पडते. केवळ पुढचे टोक उचलून केलेली तपासणी याच कारणाने निरुपयोगी आहे. नवा कूलर आणि नळ्या यांत मावणारे ऑइल वेगळे धरायला विसरू नये.

गिअरबॉक्स दुरुस्त करून परत बसवला असेल, तर जुना कूलर ठेवू नये. जळालेल्या प्लेटांचा चुरा त्याच्या पट्ट्यांत अडकून राहतो, धुऊन पुरता निघत नाही आणि नव्या गिअरबॉक्समध्ये जाऊन बसतो. जोडणी पूर्ण झाल्यावर परतीची नळी भांड्यात सोडून प्रवाह मोजावा. इंजिन चालू असताना ३० सेकंदांत किमान १.९ लिटर ऑइल यायला हवे. भांड्याकडे एकाने आणि इग्निशनकडे दुसऱ्याने लक्ष ठेवावे, कारण पंप कोरडा पडता कामा नये. प्रवाह कमी आला, तर नळी चेपलेली, उलटी जोडलेली किंवा कूलर तुंबलेला आहे. तो ठीक असेल, तर पहिल्या अर्ध्या तासाच्या फेरीनंतर गाडी पुन्हा उचलून प्रत्येक क्लॅम्प कोरड्या कापडाने पुसून पाहावा, आणि साफसफाईच्या वेळी लिहून ठेवलेल्या आकड्यांशेजारी त्याच रस्त्यावरचे नवे आकडे लिहावेत.